माळावरचा लांडगा गावानं मिळून कसा टिकवायचा

हे लिहितोय इंदापूर, बारामती, दौंड, करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, माण, खटाव, जत असल्या कोरड्या पट्ट्यातल्या लोकांसाठी, म्हणजे ज्यांच्या गावाबाहेर माळ आहे, माळावर मेंढरं आहेत आणि मेंढरांच्या मागावर लांडगा आहे. पुण्यामुंबईच्या प्राणीप्रेमींनीही वाचायला हरकत नाही, फक्त शेवटचा फोटोवाल्यांचा भाग त्यांनी दोनदा वाचावा.

आधी आकडा बघा. २०२२ च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघ निघाले, आणि लांडग्यांचा अभ्यासकांनी काढलेला अंदाज आहे ३,१०० च्या आसपास, त्यातले महाराष्ट्रात चारशेच्या आतबाहेर. म्हणजे वाघापेक्षा लांडगा कमी आहे आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, वाघाच्या रांगेत, मारला तर ३ ते ७ वर्षं आत. पण वाघासाठी प्रकल्प आहेत, कोअर आहे, बफर आहे, आणि लांडग्यासाठी म्हणून राखलेल्या जागा देशात बोटावर मोजण्याइतक्या, झारखंडात महुआडांड १९७६ पासून आणि आत्ता अलीकडं कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातलं बंकापूर.

आपल्याकडं रेहेकुरी अभयारण्य आहे पण ते काळविटांसाठी आणि २.१७ चौरस किमीचं, सुप्याचं मयुरेश्वर चिंकारांसाठी, ५.१४ चौरस किमी. लांडग्याची एक जोडी पोरासोरांसकट शंभर-दीडशे चौरस किमीत फिरते. तेव्हा तो अभयारण्यात मावणारच नाही, तो राहणार गायरानात, बरडावर, फॉरेस्टच्या तुकड्यात, उसाच्या कडंला आणि तुमच्या आमच्या बांधावर. त्यामुळं त्याचं काय करायचं ते गाव ठरवणार, आणि गावापेक्षाही जास्त धनगर ठरवणार. पुढचं सगळं त्या हिशोबानं लिहिलंय.

पहिलं काम: वाड्यावर जा, बीळ शोधू नका

लांडगा वाचवायचा म्हटलं की उत्साही पोरं पहिलं काय करतात तर दुर्बीण घेऊन बीळ शोधायला निघतात. ते करू नका. पहिल्या महिन्याभरात लांडगा दिसला नाही तरी चालतंय. तुमच्या हद्दीत कुणाकुणाचे वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, उतरतात, कधी येतात, कधी हलतात, कुणाच्या रानात मेंढरं बसवतात याची यादी करा. पावसाळ्यात या पट्ट्यात मेंढरं जास्त असतात, दिवाळीनंतर बरेच वाडे कोकण-मावळाकडं सरकतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात, काहीजण वर्षभर इथंच तालुका-दोन तालुक्यात फिरत असतात. हे वेळापत्रक तुमच्याकडं नसेल तर पुढं काहीच नीट होणार नाही.

आणि जाल तेव्हा दिवसा पण जा. दिवसा बाप्ये मेंढरांमागं रानात असतात, वाड्यावर बाया, म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कोकरं असतात. तळ हलवायचा, घोडीवर बिऱ्हाड लादायचं, नवीन जागी मांडायचं, कोकरं सांभाळायची हे सगळं बायांच्या हातात, त्यामुळं कुठलं कोकरू कधी गेलं, लांडग्यानं नेलं का कुत्र्यानं, हे मामांपेक्षा मावशीला नक्की माहीत असतं. मीटिंग घ्यायची म्हणून देवळात फक्त बाप्यांना बोलावलं तर अर्धी माहिती सुटली असं समजा.

बोलायची पण एक रीत आहे. गेल्या गेल्या "लांडगा दिसतो का हो" असं विचारलं की समोरचा म्हणणार नाही बा, इकडं नसतो, कारण त्याला वाटतं फॉरेस्टचा माणूस आहे, उद्या चराईवरून त्रास देईल. त्यापेक्षा "रामराम मामा, औंदा पाऊस कसा आहे तुमच्याकडं, मेंढरं आजारी-बिजारी नाहीत ना" इथनं सुरुवात करा. चहा येतो, घोंगडी टाकतात, मग पाऊण तासानं लांडग्याचा विषय तेच काढतात. जुनी माणसं बऱ्याचदा म्हणतात की एखाददुसरं कोकरू त्याच्या वाट्याचं, तो पण माळावरच जगतोय. पण हे ऐकून लगेच भारावून जाऊ नका, कारण तेच मामा लागोपाठ तिसरं कोकरू गेल्यावर वेगळं बोलतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ती सहनशक्ती संपू द्यायची नाही, एवढंच आपलं काम.

रात्रीची जाळी आणि दिवसाची राखण

धनगर रात्री मेंढरं वाघरीत कोंडतात, म्हणजे जाळी, खुंट्यांवर ताणून गोल केलेली. चांगली पद्धत आहे, शेकडो वर्षांची आहे, फक्त ती जाळी कशी लावली त्यावर सगळं ठरतं. एकदा रात्री बॅटरी घेऊन वाघरीला गोल फेरी मारा आणि खालची कड बघा. वर कंबरेच्या वर जाळी ताठ असते पण खाली खड्डा असतो, एखादा धोंडा सरकलेला असतो, दोन खुंट्यांमध्ये जाळी झोळ खाते आणि वीतभर फट राहते. लांडगा उडी मारून येतो असं सगळे सांगतात पण तोंड घालायला अशी फट मिळाली तर तो उडी कशाला मारेल. कधी कधी तर तो आत येतच नाही, नुसता वाऱ्याच्या अंगानं फिरून मेंढरांना वास देतो, मेंढरं बिथरून एका बाजूला लोटतात, खुंटी उपटते आणि बाहेर पडलेलं एक उचललं की झालं. त्यामुळं खुंट्या जवळजवळ, खालच्या कडेला दगड किंवा बाभळीचं काटवण, आणि कोकरांना मोठ्या वाघरीच्या आत मधोमध वेगळी छोटी जाळी. कोकरं कडेला ठेवली की घात.

गावानं काय करायचं तर नवीन जाळ्या घेऊन द्यायच्या. नायलॉनची मजबूत जाळी फार महाग नसते, दहा वाड्यांचा मिळून हिशोब केला तर ग्रामपंचायत, दूध संघ, एखादा पतसंस्थावाला असं जमून जातं. सोलरवरचे लुकलुकणारे दिवे मिळतात, रंग बदलत रात्रभर चमकतात, ते पण द्या, पण दर दोनतीन दिवसांनी जागा बदलायची असं सांगूनच द्या, कारण लांडगा काय खुळा नाही, एकाच जागी तोच दिवा दिसला की आठवड्याभरात त्याला कळतं हे नुसतंच चमकतंय.

खरं नुकसान मात्र बऱ्याचदा दिवसा होतं, चरताना. मेंढरं ओढ्यात उतरली, एखादं लंगडं मागं राहिलं, पोरगं मोबाईलमध्ये, झालं. आफ्रिकेत केनियाच्या उत्तर भागात, लायकिपिया आणि सांबुरूच्या कोरड्या चराऊ रानात रानटी कुत्र्यांवर बरीच वर्षं काम चाललंय, तिथला अनुभव हाच आहे. ते ठिपक्याठिपक्यांचे आफ्रिकन रानकुत्रे शिकार दिवसाउजेडी करतात, आणि जिथं कळप आटोपशीर, सोबत माणूस जागा आणि कुत्री हुशार तिथं हल्ले कमी, शिवाय रात्री काटेरी कुंपण दाट असलं की बाकीच्या जनावरांपासूनही बचाव. आणखी एक गोष्ट तिथं दिसली की रानात हरणं-सशांसारखं खाद्य शिल्लक असलं तर हे कुत्रे शेळ्यामेंढ्यांच्या वाट्याला फारसे जात नाहीत. आपल्याकडं पण काळवीट, चिंकारा, ससा टिकला तर मेंढरावरचा भार कमी होईल, नुसता लांडगा वाचवून भागत नाही.

मेंढरू गेलं तर पहिल्या ४८ तासांत काय

इथं गावातला एक शिकलेला पोरगा किंवा पोरगी फार उपयोगी पडते. लांडग्यानं मेंढी-शेळी मारली तर शासन भरपाई देतं, २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणं बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. पण त्यासाठी ४८ तासांच्या आत वनरक्षकाला नाहीतर जवळच्या फॉरेस्ट ऑफिसला कळवावं लागतं, पंचनामा होईपर्यंत मढं हलवायचं नाही आणि जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. आता ज्याचा वाडा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला हलणार आहे त्यानं हे कसं करायचं सांगा. तो सरळ कातडं काढतो नाहीतर पुरून टाकतो आणि शिव्या देत पुढं जातो, आणि त्या शिव्या लांडग्याच्या खात्यावर जमा होतात.

तर करायचं असं. प्रत्येक वाड्याला गावातल्या दोन जणांचे नंबर द्या, दिवसा एक, रात्री एक. फोन आला की गाडी काढून जायचं. फोटो काढायचे, लोकेशन आणि वेळ चालू ठेवून, पूर्ण जनावर, मानेची जखम जवळून, कानातला बिल्ला असला तर तो, आजूबाजूचे ठसे शेजारी काडेपेटी ठेवून म्हणजे माप कळतं, आणि मेंढपाळ जनावराजवळ उभा आहे असा एक. मग १९२६ ला फोन, ती वनविभागाची हेल्पलाईन आहे, आणि बीटच्या वनरक्षकाला पण वेगळा फोन. आधार आणि पासबुकचे फोटो तुमच्याच मोबाईलमध्ये आधीपासून ठेवलेले असले की ऐनवेळी धावाधाव होत नाही. पंचनाम्याच्या वेळी मेंढका हजर राहू शकत नसेल तर त्याच्या वाड्यावरचं कुणीतरी एक मागं थांबवा आणि त्याची जेवायची सोय करा.

लांडग्यानं मारलं का भटक्या कुत्र्यांनी, हे ओळखायला शिका कारण भरपाई लांडग्याची मिळते, गावच्या कुत्र्यांची नाही, आणि माझ्या मते लांडग्याच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच मेंढ्या कुत्र्यांनीच फाडलेल्या असतात. कुत्री मागचे पाय, मांड्या, शेपटाकडचा भाग असं कुठंही चावतात, पाचसहा जनावरं जखमी करतात आणि अर्धवट खाऊन टाकून जातात. लांडगा बहुतेक वेळा गळा धरतो, एकच उचलतो आणि ओढून लांब नेतो. ठसे बघाल तर लांडगा जाताना रेषेत जातो, पाऊल लांबट, कुत्रं इकडंतिकडं हुंगत भरकटत जातं. शंभर टक्के खात्री अशानं होत नाही पण चार ठिकाणचं मिळून अंदाज येतो. जिथं ऊस वाढलाय तिथं बिबट्या पण हिशोबात धरा.

आणि सरकारी भरपाईत एक मोठं भोक आहे. कोकरू लांडगा आख्खंच घेऊन जातो. मढं नाही, मग पंचनामा कशाचा करणार. यासाठी गावानं आपला छोटा फंड काढावा असं माझं ठाम मत आहे, कोकरामागं ठरलेली रक्कम, वाड्यावरच्या दोन शेजाऱ्यांनी आणि गावातल्या एकानं खरं आहे म्हटलं की त्याच आठवड्यात रोख हातावर. रक्कम लहान असूदे, लगेच मिळाली पाहिजे. खोटं कोण बोलेल ही भीती सगळे घालतात, पण वाड्यावर कुणाची किती कोकरं आहेत हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, शेजाऱ्यासमोर खोटं पचत नाही.

कुत्री, आणि खरा धोका

बंदुकीनं आता लांडगे फारसे मरत नाहीत. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती डिस्टेंपरची. कुत्र्यांचा रोग आहे, ताप, नाकाडोळ्यातनं घाण, मग झटके, आणि लांडगा-कोल्हा-खोकड सगळ्यांना होतो. वर ज्या लायकिपियाचं सांगितलं तिथं रानकुत्रे स्वतःहून परत आले होते, वाढले होते, लोकांनी सांभाळले होते, आणि २०१७ मध्ये डिस्टेंपर आला आणि काही महिन्यांत जवळपास सगळे गेले. इतक्या वर्षांचं काम. आपल्याकडं गीरमध्ये २०१८ ला सिंह गेले त्यात पण हाच विषाणू सापडला होता. लांडग्याच्या टोळीत पाचसहा जनावरं, एक आजारी पडलं की घर बसलं. त्यात रेबीज वेगळाच.

दुसरी भानगड संकराची. लांडगे कमी झाले, जोडीदार मिळेना, आणि गावाभोवती कुत्र्यांचे कळप, मग लांडगा-कुत्रा पिल्लं होतात. पुणे जिल्ह्यात वेगळ्याच रंगाची जनावरं दिसायला लागली म्हणून जनुकं तपासली तेव्हा संकर आहे हे सिद्ध झालं. आपला लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या जुन्यात जुन्या वंशांपैकी आहे, तो असा कुत्र्यात विरघळून जाणं म्हणजे गोळी न घालता संपवणं.

म्हणजे कुत्र्यांचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं, यात रील बनत नाही. कुत्री तीन प्रकारची धरा. वाड्यावरची, गावातली पाळीव, आणि कुणाचीच नसलेली. वाड्यावरची कुत्री काढा असं चुकूनही म्हणू नका, ती राखणीला पाहिजेतच, पण तीच दिवसरात्र लांडग्याच्या सगळ्यात जवळ असतात त्यामुळं लसीत पहिला नंबर त्यांचा. एक रेबीजची लस आणि एक डिस्टेंपर-पार्व्होची एकत्रित येते ती, पिल्लाला दीडदोन महिन्यांपासून सुरू करून तीनचार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची तीन महिन्यांच्या पिल्लाला, मग दरवर्षी. नेमकं वेळापत्रक डॉक्टर सांगतील, तुमचं काम कुत्री धरून देणं आणि लस बर्फात ठेवणं, कारण २ ते ८ अंशाच्या बाहेर गेली की ती लस नुसतं पाणी. उन्हात डिकीत ठेवलेली लस टोचून टक्केवारी वाढवण्यात काही अर्थ नाही. रेबीजसाठी ७० टक्के कुत्री झाली पाहिजेत असं मानतात, डिस्टेंपरला तर त्याहून जास्त लागतात, तेव्हा दहावीस कुत्री टोचून फोटो काढून मोकळं होऊ नका.

यात एक युक्ती सांगतो जी हमखास चालते. नुसतं कुत्र्यांना लस द्यायला आलोय म्हटलं की मेंढपाळाला त्यात काय रस. त्याच दिवशी मेंढरांना पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस द्यायची सोय करा, पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांना सोबत घ्या, १९६२ ला फोन करून फिरता दवाखाना बोलवता येतो. मेंढपाळाचं खरं नुकसान रोगानं होतं, पीपीआर आला तर पंधरा दिवसांत जेवढी मेंढरं जातात तेवढी लांडगा कित्येक वर्षांत नेत नाही. कळपातली मरतूक कमी झाली की एखादं कोकरू गेलेलं सोसवतं. लांडगा वाचवायला मेंढीला इंजेक्शन, ऐकायला विचित्र वाटतं पण याच्यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

गावातल्या आणि बेवारस कुत्र्यांची नसबंदी पंचायतीनं नियमाप्रमाणं करून घ्यायची, विष घालून मारणं हा उपाय नाही, ते बेकायदेशीर तर आहेच आणि ते विष लांडगा, तरस, गिधाड सगळ्यांच्या पोटात जातं. पण कुत्री वाढतात कशावर ते बघा. या पट्ट्यात पोल्ट्री किती आहेत तुम्हाला माहीतच आहे, आणि मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून ओढ्याला टाकायची सवय. त्या जागेवर संध्याकाळी जाऊन बघा, पंधरावीस कुत्री ठरलेली, आणि अंधार पडल्यावर तिथंच लांडगा येतो. रोग, संकर, मारामाऱ्या सगळं त्या एका उकिरड्यावर. पोल्ट्रीवाल्याशी भांडून उपयोग नाही, त्याला खड्डा काढून द्या, पुरुषभर खोल, वर झाकण, टाकल्यावर चुना. जेसीबीचा तासाभराचा खर्च पंचायतीनं केला तर तो पण नाही म्हणत नाही. वास कमी होतो म्हणून आजूबाजूचे शेतकरी पण तुमच्या बाजूनं येतात.

पिल्लांचे दिवस

आपल्याकडं पिल्लं साधारण थंडीत होतात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, ओढ्याच्या दरडीत, खडकाखाली, कधी जुन्या मोरीत. तीनचार आठवड्यांनी ती बाहेर यायला लागतात आणि आईबाप पोटातलं ओकून भरवतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात त्या भागात मुरूम काढायचा नाही हे ग्रामसभेत ठराव करूनच लिहून घ्या, कारण जेसीबीनं एका सकाळी आख्खी दरड जाते. बीळ बुजवणं, धूर करणं, पिल्लं उचलून आणणं हे सगळे गुन्हे आहेत. पिल्लू एकटं दिसलं म्हणून "वाचवायला" घरी आणू नका, आई जवळच असते. जागा कळली तर ती फक्त वनरक्षक आणि एकदोन विश्वासाच्या माणसांना, आणि वाड्यावर जाऊन सांगायचं की मामा यंदा त्या ओढ्याच्या अलीकडं अर्धा किलोमीटर तळ टाका, तुमचीच कोकरं वाचतील. ते ऐकतात, कारण त्यात त्यांचा फायदा आहे.

माळ माळच राहू द्या

यावर मी लांब लिहू शकतो पण थोडक्यात. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसलं की कुणाला तरी तिथं काहीतरी करायचं असतं. झाडं लावा म्हणून सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशातनं काम करणारे, येतात, खोल चर मारतात, गिरिपुष्प लावतात, सेल्फी काढतात. कुसळी, पवना, मारवेल हे गवत गेलं की काळवीट गेला, मेंढीचा चारा गेला, लांडगा गेला. लावायचंच असेल तर गवताचं बी टाका, आणि वेडी बाभूळ पसरत असेल ती काढा. गायरानावर सोलर प्लांट येतायत, तिथं ग्रामसभेचं मत मागतात तेव्हा उपाशी-तापाशी बसून का होईना पण हजर राहा आणि कुठला तुकडा द्यायचा, कुठला नाही हे नकाशावर दाखवा. पंचायतीची जैवविविधता समिती कागदावर असतेच, २००२ च्या कायद्यानं ती सक्तीची आहे, तिच्यात एक मेंढपाळ सदस्य म्हणून घ्या आणि लोक जैवविविधता नोंदवहीत माळ, गवत, लांडगा सगळं चढवा, पुढं कामाला येतं.

आणि "चराईबंदी" हा शब्द या कामात वापरू नका. पाणलोटाच्या कामात त्या घोषणेचा उपयोग झाला असेल, इथं ती लावली की धनगर बाहेर आणि कोल्हं-कुत्रं-कंत्राटदार आत. तुकडे पाडून आळीपाळीनं चारणं, पावसाळ्यात एखादा तुकडा बी पडेपर्यंत राखणं, हे त्यांच्याशी बसून ठरवा. फेब्रुवारी-मार्चमधल्या वणव्यांवर मात्र कडक राहा. रानडुकरासाठी तारेत करंट सोडणारे आणि मढ्यावर थिमेट, म्हणजे शेतातलं जहाल कीटकनाशक, टाकणारे पण शोधून आधी समजावून, मग तक्रार करून बंद करा. उघड्या विहिरींना कठडा बांधा, रात्री पळताना लांडगे पडतात.

लांडगा विचित्र वागला तर

एरवी लांडगा माणसापासून लांब राहतो. पण भरदिवसा वस्तीत शिरून दिसेल त्याला चावत सुटला, लाळ गळतेय, चालताना झोकांड्या जातायत, तर रेबीज धरून चाला. पोरं घरात, काठ्या घेऊन मागं पळायचं नाही, वनविभाग आणि पोलिसांना फोन. कुणाला चावला, ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस, कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन पण मागून घ्यायचं. चावलेल्या मेंढरांचं दूध-मांस याबद्दल जनावरांच्या डॉक्टरला विचारा. उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ मध्ये लांडग्यांनी माणसांवर जे हल्ले केले त्याचे व्हिडिओ अशा वेळी ग्रुपवर फिरायला लागतात, ॲडमिननं ते थांबवावेत, नाहीतर दुसऱ्या दिवशी दहा गावांत लांडगा आला रे आला सुरू होतं.

फोटोवाले आणि जीपवाले

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी सुरू आहे, स्थानिक पोरं गाईड आहेत, ऑनलाईन बुकिंग आहे, चांगली गोष्ट आहे. तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर परवानगी घेऊनच करा आणि पहिल्या दिवसापासून पैशाचा हिशोब लावा, गाडीमागं ठरलेला वाटा त्या कोकरांच्या फंडात. नाहीतर जीप आणि कॅमेरे ज्यांचे आहेत त्यांनाच पैसा मिळतो आणि मेंढपाळाच्या वाट्याला नुसती धूळ.

नियम साधे ठेवा. ठरलेल्या वाटेवरनंच गाडी, गवतात नाही. लांडग्यानं मान वर करून तुमच्याकडं एकटक बघायला सुरुवात केली की तुम्ही जास्त जवळ आहात, इंजिन बंद किंवा मागं. मेंढरांच्या आणि लांडग्याच्या मधे गाडी घालायची नाही. कोंबड्या टाकून लांडगा बोलवायचा नाही, हे करणारे आहेत आणि गाईडनं अशा गिऱ्हाईकाला तिथंच उतरवून परत आणावं. बिळाचे फोटो काढायचे नाहीत आणि चुकून निघाला तर टाकायचा नाही. फोटो टाकताना गावाचं नाव नको, तालुका पण नको, मोबाईलचं लोकेशन बंद, मागं पवनचक्की किंवा टेकडी ओळखू येत असेल तर कापून टाका, कारण एका रीलवरनं दुसऱ्या रविवारी तिथं सात गाड्या उभ्या राहतात. कमेंटमध्ये कुणी "लोकेशन प्लीज" विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, ओळखीचा असला तरी.